दुसऱ्या दिवसाचा दम

सांबप्पाने पितळी नळी ओठांजवळ धरली, डोळे मिटले आणि डॉक्टरांनी मेजावर बोट वाजवताच नाकाने श्वास घेतला. अगदी सावकाश घेतला. कापसाच्या जिनाच्या ओसरीवर आपल्या पाळीची वाट बघत बसलेल्या बायांत खसखस पिकली. बाकीची माणसं त्या नळीत ओली लाकडं पेटवावीत तशी फुंकत, आणि हा गडी मात्र लिंगपूजेला बसल्यासारखा मांडी घालून बसला होता. डॉक्टरांनी पुन्हा बोट वाजवलं. सांबप्पाने नळी ओठांत घेतली आणि तेवढ्याच संथपणे श्वास सोडला. तो नळीतून पितळेच्या पेटीत गेला, आणि पेटीतली काचेची पट्टी डॉक्टरांनी चिमट्याने अलगद बाहेर काढली.

“बस्स. असाच श्वास हवा मला,” डॉक्टर बायांकडे बघून म्हणाले. “शिका जरा यांच्याकडून.”

“त्येंला काय, घरात बोलायला कुणी न्हाई,” बायनाबाई म्हणाली. “दम शिल्लकच ऱ्हातोय.”

बाया हसल्या. सांबप्पाही हसला. बायनाबाई त्याच्या बायकोच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं काम केलेली बाई होती, तिला सगळं माफ होतं.

सेलूच्या त्या जिनात दसरा उलटला की रेच्यांची यंत्रं फिरू लागत. कापसातून सरकी एकीकडे पडे, रुई एकीकडे, आणि दोन्हींतून उडालेली धूळ माणसांच्या वाट्याला येई. मालक तसा भला होता. संध्याकाळी भोंगा झाला की प्रत्येकाच्या तळहातावर तो गुळाचा खडा ठेवी. गुळाने धूळ खाली उतरते असं त्याचे वडील सांगत, आणि कामकरी मान डोलावत. गूळ कुणाला नको असतो? पण ती धूळ खरोखर खाली उतरते की छातीतच बिऱ्हाड थाटते, हे निजाम सरकारच्या दरबारी कुणाला तरी जाणून घ्यावंसं वाटलं, आणि डॉक्टर दिनकरराव ही पेटी आणि एक सूक्ष्मदर्शक दुर्बीण घेऊन हैदराबादेहून हंगामापुरते येऊन राहिले.

सरकार आता श्वासावरही कर बसवणार, अशी हूल पहिल्या आठवड्यात उठली होती. डॉक्टरांचं काम त्याहून साधं होतं. एका काचेवर जिनातल्या हवेतली धूळ धरायची, दुसऱ्या काचेवर माणसाने सोडलेल्या श्वासातली. दोन्ही काचा दुर्बिणीखाली ठेवून कण मोजायचे. आत गेलं किती आणि बाहेर आलं किती हे एकदा कळलं, की उरलेलं कुठे राहिलं ते सांगायला पंचांग काढावं लागत नाही.

बाया आपापल्या कामाला गेल्यावर डॉक्टरांनी सांबप्पाला थांबवून घेतलं.

“एक विनंती आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी जिन बंद असतो. त्या दिवशी तुम्ही इथं पाऊल टाकायचं नाही. दिवसभर मोकळ्या हवेत राहा. दुसऱ्या दिवशी कामावर चढण्याआधी एक श्वास द्या आणि काम सुटल्यावर एक. मला फरक बघायचा आहे.”

सांबप्पाचं हसू मावळलं.

“त्ये जमायचं न्हाई, डाक्टरसाब.”

“का? सुटीच तर आहे.”

“सुटीच्या दिशी म्या रेचे झाडीत असतो.”

“एक दिवस दुसरं कुणी झाडेल. मी मालकांशी बोलतो.”

“नका बोलू,” सांबप्पा म्हणाला आणि खांद्यावरचं फडकं झटकून आत निघून गेला. डॉक्टरांना ते नवल वाटलं. इतक्या दिवसांत या माणसाने कशालाच नाही म्हटलं नव्हतं.

जिनातली एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, आणि ती डॉक्टरांना कुणी सांगितली नव्हती, कारण त्यांनी ती विचारली नव्हती. बाजाराची सुटी घेतली की दुसऱ्या दिवशी छाती धरते. दुपार कलली की छातीवर कुणी जातं आणून ठेवल्यासारखं होतं, अंगात तापाची कसर येते, खोकला थांबता थांबत नाही. पुढच्या दिवशी जरा कमी होतं, आणि मग बाजार येईपर्यंत काही नाही. याला जिनात दुसऱ्या दिवसाचा दम म्हणत. कुणी त्याचं खापर बाजारातल्या भज्यांवर फोडी, कुणी नजरेवर. काही शहाण्यांनी त्यावर उपायही काढला होता. सुटीच घ्यायची नाही. बंद जिनात जाऊन रेचे झाडायचे, रुई ढकलायची, की दुसरा दिवस निभावून जातो.

सांबप्पाही त्या शहाण्यांतला, पण त्याचं कारण निराळं होतं. त्याची एकुलती लेक चन्नबसम्मा तीन कोसांवर, चारठाण्याच्या वाटेवरच्या हिवऱ्यात दिलेली होती. पूर्वी तो आणि त्याची बायको महानंदा बाजाराच्या आदल्या सांजेला, कापूस उतरवून रिकाम्या परतणाऱ्या गाडीत बसून लेकीकडे जात. सुटीचा दिवस तिथे काढत आणि दुसऱ्या पहाटे परत येत. परत आल्यावर महानंदाला हटकून दम लागे. नातवाचं बारसं करून आली तेव्हा लागला तो असा, की ती रेच्यापाशीच खाली बसली. आठ दिवसही काढले नाहीत तिने. मातीला जमलेल्या बायांत कुणीतरी हळूच म्हणालं, लेकीच्या गावचं पाणी बाधतंय म्हणे तिला. कोण म्हणालं ते कधीच कळलं नाही. सांबप्पाने ते ऐकलं. मग त्याने मान वळवली तेव्हा चन्नबसम्मा बाळाला घेऊन तिथेच उभी होती.

त्यानंतर तो एकदाच हिवऱ्याला गेला, आणि परतल्यावर त्यालाही दम लागला. मग मात्र त्याने जाणं सोडलं. मरणाची त्याला फारशी भीती नव्हती. आपणही हिवऱ्याहून येऊन मेलो तर पोरीच्या माथी दोन मरणं बसतील, ही भीती होती. ती तो कुणाला सांगू शकत नव्हता, लेकीला तर नाहीच. म्हणून रेचे झाडत होता.

हिवऱ्याचा लिंबाजी दर बाजाराच्या आदल्या दिवशी कापसाची गाडी घेऊन येई. त्या संध्याकाळीही त्याने बैल जुंपले आणि फडक्यात बांधलेले धपाटे सांबप्पाच्या हातात ठेवले.

“चला की. गाडी रिकामीच चाललीया.”

“रेचे झाडायचेत.”

“त्या रेच्याला तुमच्याबिगर करमंना व्हय?” लिंबाजी म्हणाला. मग त्याने कासरा हातात घेतला आणि बैलांकडे बघतच म्हणाला, “एक सांगू का? आदी चन्नाबाई इचारायची मला, अप्पा येतेत का म्हून. आता न्हाई इचारत. नुस्तं फडकं देती हातात आन् आत जाती.”

गाडी गेली. सांबप्पा घरी आला, दिवा लावला, आणि रोजच्यासारखा शेजारच्या भिंतीला पाठ लावून जेवायला बसला. तिथे बसलं की पलीकडच्या घरातलं बोलणं ऐकू येई. शब्द कळत नसत, पण कुणीतरी कुणाला काही वाढतंय, कुणी नको म्हणतंय, एवढं कळे. संध्याकाळच्या भोंग्यापासून सकाळच्या भोंग्यापर्यंत त्याच्या तोंडून शब्द निघत नसे, आणि सकाळी पहिला शब्द काढायला घसा खाकरावा लागे. धपाट्यात तीळ होते. महानंदाही असेच तीळ घाले. त्याला रडू आलं, आणि ते ऐकायला कुणी नसल्यामुळे त्याने ते थांबवलंही नाही.

बाजाराच्या दिवशी डॉक्टरांनाही कुठे जायचं नव्हतं. स्टेशनाजवळच्या भाड्याच्या खोलीत त्यांचं मन रमेना, म्हणून ते चालत जिनाकडे आले. आत सांबप्पा खराटा घेऊन रेच्यांखाली वाकला होता, आणि त्याच्या भोवतीची हवा पांढरी झाली होती. डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला.

“बाहेर या,” ते म्हणाले. “आणि मला खरं काय ते सांगा.”

ओसरीवर बसून सांबप्पाने सांगितलं. सांगायला त्याला वेळ लागला. दम, महानंदा, हिवरा, पाणी, सगळं मागेपुढे करत सांगितलं. त्याचं संपल्यावर डॉक्टरांनी विचारलं,

“दम बाजाराच्या दुसऱ्याच दिवशी लागतो?”

“व्हय.”

“बायनाबाईंनाही?”

“तिला बी. सुटी घेतली तर.”

“त्यांची लेक कुठं दिली आहे?”

“तिला लेकच न्हाई.”

आपण काय बोललो ते सांबप्पाला हळूहळू उमगत होतं.

“विलायतेत कापसाच्या मोठमोठ्या गिरण्या आहेत,” डॉक्टर म्हणाले. “तिथं सुटी रविवारी असते आणि दम सोमवारी लागतो. आता तिथल्या सगळ्यांच्या लेकी काही हिवऱ्याला दिलेल्या नाहीत.”

“मंग सुटी न घेतली तर कामून लागत न्हाई?”

“छातीला रोज धूळ मिळाली की ती बधिर होते. सुटीच्या दिवशी मोकळी हवा लागली की तिला जाग येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा धूळ आली की ती बोंब मारते. तुम्ही तिला जागंच होऊ देत नाही, म्हणून दुखत नाही. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं नव्हे.”

त्यांनी दुर्बीण मेजावर घेतली, तिच्याखाली एक काच सरकवली आणि सांबप्पाला डोळा लावायला सांगितला. त्याला आधी आपल्याच पापण्या दिसल्या. मग काटक्या, धागे, काळे ठिपके, नुसता गजबजाट दिसला.

“ही जिनातली हवा,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी काच बदलली. दुसऱ्या काचेवर तुरळक चार ठिपके होते, बाकी सगळं कोरं.

“ह्यो कुणाचा श्वास?”

“तुमचाच. कालचा. तुम्ही सावकाश श्वास घेता, म्हणून धुळीला आत बसायला सवड मिळते. त्या बाया भराभर फुंकतात, त्यांची थोडी तरी बाहेर येते. काल मी तुमचं कौतुक केलं, ते चुकलंच माझं.”

सांबप्पाने डोळा काढला नाही. त्या कोऱ्या काचेकडे तो बघत राहिला. लिंगपूजेला बसल्यावर असा श्वास घ्यायला महानंदाला त्यानेच शिकवलं होतं. तिला बसवून माती दिली होती, आपल्या लिंगायतांत देतात तशी, हातावर लिंग ठेवून. म्हणजे ती धूळ अजूनही तिच्यापाशीच असणार, असं त्याच्या मनात आलं.

“डाक्टरसाब, मंग तिला बी ह्येच झालं व्हतं?”

“त्यांचा श्वास मी मोजलेला नाही. पण तुम्ही सांगता ते सगळं हेच आहे. पाण्याचा काही संबंध नाही, गावाचा नाही, तुमच्या मुलीचा तर नाहीच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, तसं झालं ते.”

सांबप्पाला वाटलं होतं की हे ऐकून छाती हलकी होईल. तशी ती झालीही, क्षणभर. मग त्याला आठवलं की महानंदा आधी घरीच असायची. वाटणीत शेत भावाकडे गेल्यावर त्यानेच मुकादमाला गळ घातली होती. घरी बसून काय करतीस, चल रेच्यावर, असं तोच म्हणाला होता, आणि ती मुकाट्याने फडकं बांधून त्याच्या मागून चालत आली होती. लेकीच्या माथ्यावरचं ओझं उतरवायचं तर ते नेऊन कुठे ठेवायचं, हे त्याला तिथेच, त्या मेजापाशी कळलं.

“पुढच्या बाजाराला सुटी घेतो,” तो म्हणाला. “श्वास देतो तुमाला. आधीचा आन् मागचा.”

पुढच्या आठवड्यात लिंबाजीने फडकं पुढे केलं तेव्हा सांबप्पा आधीच गाडीत बसला होता. लिंबाजी एरवी वाटभर बडबड करणारा माणूस, पण त्या दिवशी त्याने बैलांनाही हळूच हाकललं.

हिवऱ्याला पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. जावई शेतात जागलीला गेला होता, सासू देवळात होती. चन्नबसम्मा अंगणात सुपात ज्वारी पाखडत बसली होती. बापाला बघताच तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

“कुणाला काय झालं?”

“कुणाला काय न्हाई. आलो नुस्ता.”

ती उठली, पण पुढे आली नाही. पोरगा तिच्या लुगड्यामागे लपला. दीड वर्षात त्याला पाय फुटले होते आणि हा म्हातारा त्याला आठवत नव्हता. चन्नबसम्माने घोंगडी अंथरली, आत गेली आणि तांब्या भरून आणला. पण तो तिने बापाच्या हातात दिला नाही. हातभर अंतरावर उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली,

“हितलं पाणी चालंल का? का सोबत आणलंया तुमी?”

सांबप्पाने हात पुढे करून तांब्या घेतला. त्याला तहान नव्हती. त्याने तांब्या वर धरून घटाघटा सगळं पाणी पिऊन टाकलं. गळ्यावरून ओघळ आले, अंगरखा भिजला, तरी तो थांबला नाही. मग रिकामा तांब्या खाली ठेवून म्हणाला,

“बस हितं. तुला एक सांगायचंय.”

त्याने सांगितलं. जिनातली हवा, काचेच्या पट्ट्या, दुर्बिणीत दिसलेल्या काटक्या. विलायतेतला सोमवार. डॉक्टरांइतकं नीट त्याला सांगता आलं नाही, पण बायनाबाईला लेक नाही हे त्याने बरोबर सांगितलं. चन्नबसम्मा ऐकत होती. पोरगा सुपातली ज्वारी मुठीने जमिनीवर सांडत होता, आणि ती त्याला काही बोलत नव्हती.

“मला वाटलं,” ती म्हणाली, “तुमाला बी तसंच वाटायलंय. म्हून येत न्हाईत.”

“वाटायचं. लपीवत न्हाई. पर आलो न्हाई ते दुसऱ्या कारणानं. हितून जाऊन मला काय झालं असतं तर लोक पुन्हा तुलाच बोलले असते.”

तिने पदर तोंडावर घेतला आणि ती रडली. दीड वर्षाचं साठलेलं रडणं होतं ते, लवकर थांबणारं नव्हतं. सांबप्पा तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला. एवढ्या जवळ कुणी बसल्याला त्याला फार दिवस झाले होते, आणि हात किती जोराने ठेवायचा हेही त्याला सुचत नव्हतं.

“परवा कामावर गेलो की दम लागंल मला,” जरा वेळाने तो म्हणाला. “लिंबाजी येऊन सांगंल तुला. ते तुज्यामुळं न्हाई, येवढं ध्यानात ठिव.”

तिने मान हलवली आणि चूल पेटवायला उठली.

जेवायला तो चुलीसमोर बसला. पाठीशी भिंत नव्हती, मोकळं दार होतं. चन्नबसम्मा भाकरी थापत होती. आता ती विचारील, असं सांबप्पाला वाटत होतं. धुळीनं मेली, तर धुळीत तिला नेलं कुणी? एवढा साधा प्रश्न तिला सुचला नसेल असं नव्हतं, ती लहानपणापासून हुशार होती. त्याने पहिला घास हातात धरून ठेवला. तिने तव्यावरची भाकरी उलटली, निखाऱ्यावर टाकली, फुगवली, पण विचारलं नाही. मग त्याच्यानेच राहवलं नाही.

“चन्ना, तुज्या मायला जिनात म्या नेलतं.”

तिचे हात थांबले नाहीत. तिने भाकरी निखाऱ्यावरून काढली, हातावर आपटून राख झाडली आणि त्याच्या ताटात ठेवली.

“ठावं हाय मला, अप्पा,” ती म्हणाली. “तवापासून ठावं हाय. जेवा तुमी.”